जागेवर उभी गाडी घाट चढते तेव्हा

गाडी पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली आहे. पुढची चाकं लोखंडी रोलरवर गरगर फिरताहेत, स्पीडोमीटरचा काटा ऐंशीवर आहे, आणि गाडी इंचभरही पुढे सरकत नाही! रोलरला विजेचा ब्रेक जोडलेला असतो. कॉइलमधून प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रात रोलरबरोबर फिरणाऱ्या चकतीतही प्रवाह उमटतात आणि तेच तिला अडवू लागतात. हा जोर वाढवला की इंजिनाच्या लेखी पसरणी घाट सुरू झाला. अडवायला लागलेला टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, 9549 ने भागा: किलोवॅटमध्ये ताकद हातात येते.

पुण्यात वेताळ टेकडीवरच्या, 1966 मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्या अशाच रोलरवर ठरावीक वेगांच्या क्रमाने चालवून धूर तपासतात. ट्युनिंग करणारा त्याच यंत्राला वेगळं विचारतो: या इंजिनाला नेमकं काय हवंय?

जुनी इंजेक्शनवाली मारुती 800 घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. मिनिटाला 6000 फेऱ्यांवर तिच्यात सेकंदाला 150 ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीआधी कॉम्प्युटरला ठरवावं लागतं, इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडायचा. त्यासाठी आत आलेल्या हवेचं वजन हवं. अनेक जुन्या इंजिनांत ते मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून काढतात. कराडला खेटलेल्या मलकापुरातून महाबळेश्वरला गेलात तर वाटेत हवेचा दाब सुमारे नऊ टक्क्यांनी उतरतो, आणि तो छोटासा कॉम्प्युटर पेट्रोल कमी करत जातो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता कृष्णाकाठचा ऊस या गोष्टीत शिरतो. रेठऱ्याचा कृष्णा आणि यशवंतनगरचा सह्याद्री हे साखर कारखाने कराड तालुक्यातलेच. उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होतं, आणि आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते 20 टक्क्यांपर्यंत असतं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला फक्त नऊ. कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी या मिश्र इंधनाचं माप सात-आठ टक्के जास्त लागतं.

वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरला इथेनॉल ठाऊकच नाही. पण सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर त्याला सांगतो की धुरात ऑक्सिजन उरतोय, आणि तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडतो. ज्या इंधनासाठी तो घडलाच नाही, त्याच्याशीही तो जुळवून घेतो! मात्र अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की जुन्या यंत्रणा सहसा सेन्सरचं ऐकणं थांबवतात आणि कारखान्यात भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर चालतात. तो तक्ता जुन्या पेट्रोलचा. माणसांनी भरलेली गाडी चढणीला लागते, नेमकं तेव्हाच मिश्रण पातळ होतं.

रोलरची किंमत इथे कळते. रस्त्यावर चढ, वारा, समोरचा ट्रक यांत इंजिन एका जागी धरता येत नाही. रोलरवर ते पूर्ण भाराखाली 3000 फेऱ्यांवर धरता येतं. अचूक सेन्सरवर मिश्रण बघत इंधन वाढवायचं. मग ठिणगी एकेक अंश अलीकडे आणायची. टॉर्क वाढतो, वाढतो आणि एका टप्प्याला थांबतो. तिथेच थांबायचं. त्याआधीच इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे आतून ठणठण वाजू लागलं, तर मागे यायचं. मग पुढच्या फेऱ्या, पुढचा भार, तक्त्यातला पुढचा चौकोन. मूळ कॉम्प्युटर बदल स्वीकारत नसेल तर प्रोग्रॅम करता येणारा जोडावा लागतो. पण त्याआधी प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासलेलं हवं. झिजलेलं लोखंड आकड्यांनी भरून निघत नाही.

म्हणून चढणीला पिकअप कमी पडतो एवढ्यावरून जुनी गाडी भंगारात काढू नका. तिचं इंजिन धडधाकट असू शकतं. शिळे झालेले असतात ते त्या तक्त्यातले आकडे, आणि ते नव्याने लिहिता येतात.