नेट नवे, कम्प्युटर जुना. घोडे नेमके कुठे अडते?

सीवूड्ससारख्या उपनगरात सोसायटीच्या कार्यालयापर्यंत फायबर इंटरनेट पोहोचले, तरी टेबलावरचा डेस्कटॉप अनेकदा दहा-बारा वर्षांपूर्वीचाच असतो. मग नेट संथ चालते, नाहीतर सॉफ्टवेअर सर्व्हरला जोडले जात नाही. नवा कम्प्युटर घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

वेग शंभराच्या आतच का?

जोडणी २०० एमबीपीएसची, पण वेगचाचणीत आकडा ९५च्या पुढे सरकत नाही? नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचे असू शकते. केबलमधील आठपैकी चारच तारा जोडल्या असतील, तरी हीच मर्यादा येते. विंडोज १०च्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहा. १०० दिसल्यास आधी केबल बदला, मग गिगाबिट कार्डाचा विचार करा.

वेबसाइट उघडते, सॉफ्टवेअर का नाही?

क्रोम, फायरफॉक्स सुरक्षित जोडणीची यंत्रणा स्वतःसोबत आणतात. हिशेबाची किंवा ईमेल पाठवणारी अनेक सॉफ्टवेअर मात्र विंडोजमधील घटकांवर विसंबतात. आज बहुतेक सर्व्हर किमान टीएलएस १.२ मागतात. विंडोज ७मध्ये अशा अनेक सॉफ्टवेअरसाठी ते आपोआप सुरू नसते. त्यासाठी सर्व्हिस पॅक १, स्वतंत्र अपडेट आणि रजिस्ट्रीत बदल लागतो.

जुने फाइल शेअरिंग सुरू करावे का?

जुन्या कम्प्युटरवरील फोल्डर नव्यावर दिसावे म्हणून ‘एसएमबी १’ सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळा. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ हल्ल्याने जवळच्याच जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. या व्हायरसच्या प्रसाराचा एक मार्ग ‘एसएमबी १’मधील त्रुटी हाच होता. त्रुटी बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. विंडोज १०च्या २०१७च्या अखेरच्या आवृत्तीपासून हा घटक नव्याने इन्स्टॉल करताना सहसा येतच नाही.

मग खर्च कशावर?

विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये, तर विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागते. रॅम वाढवता येते, पण प्रोसेसर यादीत नसेल तर अडचण कायम राहते. काम फक्त ब्राउझरवर असेल, तर लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालते. ४ जीबी असल्यास उत्तम. सभासदांचा हिशेब ठेवणारा कम्प्युटर मात्र अपडेट मिळणाराच हवा. तोवर जुना कम्प्युटर नेटपासून तोडून ठेवा आणि डेटाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.