काडतुसातील दारूचा आकडा किती विश्वासाचा?

नवी दिल्ली : दिल्लीच्या वायव्य टोकावरील मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने २९ मे २०२४ रोजी ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी दक्षिण दिल्लीतील मुनिरका या वस्तीपासून काही किलोमीटरवर असलेल्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंशांची नोंद झाली होती. हवामान खात्याने पडताळणी केली, तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. आकडा सरकारी यंत्रावरचा होता आणि दशांशापर्यंत नेमका होता. तरीही तो चुकीचा होता.

तापमानाच्या नोंदीतील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. रायफलच्या काडतुसात किती दारू भरावी, या आकड्यातील चूक मात्र दुरुस्तीची संधी देतेच असे नाही. तिची किंमत नेमबाजाचा डोळा, हात किंवा प्राण अशी असू शकते. म्हणूनच जगभरातील जाणकार नेमबाज भरणीच्या तक्त्याकडे पाहताना ‘आकडा किती?’ या प्रश्नाआधी ‘तो कोणी, कशावर आणि कोणत्या परिस्थितीत मोजला?’ असे विचारतात.

प्रश्न कोणाचा?

१९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी तुघलकाबाद येथे उभारलेले डॉ. कर्णी सिंग नेमबाजी संकुल दक्षिण दिल्लीतच आहे. मुनिरका ही त्याच भागातील दाटीची वस्ती. तिच्या चिंचोळ्या गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांत देशभरातून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार राहतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. अशा यशानंतर रायफल, काडतुसे आणि त्यांची अचूकता यांविषयी तरुणांचे कुतूहल वाढणे स्वाभाविक आहे.

ऑलिम्पिकमधील रायफल प्रकारांत हातभरणीचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे एअर रायफल आणि .२२ रिमफायर काडतूस वापरले जाते. रिमफायर काडतुसात ठिणगीचे रसायन पुंगळीच्या काठातच असते. एकदा उडाल्यावर ती पुंगळी व्यवहारात पुन्हा वापरता येत नाही. हातभरणी होते ती सेंटरफायर काडतुसांची. त्यांत बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असतो. रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर, मोजलेली धूरविरहित दारू आणि नवी गोळी बसवली, की काडतूस पुन्हा तयार होते. अमेरिकेसह अनेक देशांत शिकारी आणि स्पर्धक हे काम कायदेशीरपणे करतात.

भारतात स्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार सर्वसाधारण शस्त्र परवाना काडतुसे विकत घेण्यासाठी आणि बाळगण्यासाठी असतो. ती तयार करण्यासाठी कलम ५ खालील स्वतंत्र परवाना लागतो. अधिनियमातील ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दारूचा साठा हा स्फोटक कायद्याचाही विषय असून त्यावर देखरेख ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. मुनिरक्यासारख्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे असतात. तेथे खोलीत दारू साठवणाऱ्याचा धोका एकट्यापुरता राहत नाही.

तरीही हा विषय भारतीय वाचकाला परका नाही. परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे जेथे हातभरणी कायदेशीर आहे तेथे राहतात. येथील परवानाधारकापुढेही कोणी स्वस्तातील पुन्हा भरलेले काडतूस ठेवू शकतो. आत किती आणि कोणती दारू आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही.

दाबाचे गणित

ट्रिगर ओढल्यावर दारू अत्यंत वेगाने जळते आणि वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे ढकलतो. युरोपातील सीआयपी या प्रमाणीकरण संस्थेने .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसासाठी कमाल ४,१५० बार दाब निश्चित केला आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तो जवळपास १,९०० पट होतो. हा दाब नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर, पोलादी चेंबर आणि बोल्ट यांच्या आत कोंडलेला असतो.

दारू आणि दाब यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. दाब वाढला की धूरविरहित दारू अधिक वेगाने जळते आणि ती वेगाने जळाली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे कमाल मर्यादेजवळ दारूचे वजन थोडेसे वाढले, तरी दाब त्याहून मोठ्या प्रमाणात चढतो.

दारू आणि गोळी या दोहोंचे वजन ग्रेन या एककात सांगितले जाते. जुन्या मापांत १ तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि ९६ गुंजा. म्हणजे सराफाच्या तराजूतील एक गुंज जवळपास दोन ग्रेनची. रायफलची दारू याहूनही बारीक, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजली जाते. ग्रेन आणि ग्रॅम यांतील गोंधळ तर थेट प्राणघातक ठरू शकतो, कारण १ ग्रॅममध्ये १५.४ ग्रेन असतात. गोळीचे वजन दारूच्या रकान्यात वाचले गेल्यासही परिणाम तोच होतो.

एकाच मर्यादेचे दोन आकडे

जुने तक्ते वाचताना आणखी एक फसगत होते. पूर्वी दाब मोजण्यासाठी तांब्याचा छोटा दंडगोल वापरत आणि गोळी उडाल्यावर तो किती चेपला यावरून दाब ठरवत. आता पिझोइलेक्ट्रिक संवेदक थेट दाब नोंदवतो. अमेरिकेतील सामी या संस्थेच्या मानकांत .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा पहिल्या पद्धतीने ५२,००० आणि दुसऱ्या पद्धतीने ६२,००० अशी आहे. मर्यादा तीच, मोजण्याची रीत वेगळी. एका पद्धतीतून दुसरीत नेणारे सर्व काडतुसांना लागू पडेल असे सूत्र नाही. एकक न पाहता हे आकडे शेजारी ठेवणाऱ्याला आपल्याकडे अजून वाव आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो नसतो.

दारूच्या नावांतही असाच सापळा आहे. ‘आयएमआर ४३५०’ आणि ‘एच ४३५०’ या नावांत आकडा समान असला, तरी त्या स्वतंत्र दारू आहेत आणि एकीचा तक्ता दुसरीला लावता येत नाही. पुंगळीचेही तसेच. लष्करी बनावटीच्या पुंगळीची भिंत अनेकदा जाड असते. आतली जागा कमी झाल्याने तेवढ्याच दारूचा दाब वाढतो. गोळीचे वजन समान असूनही तिचा आकार, धातू किंवा बसवण्याची खोली बदलली तरी दाब बदलतो.

उन्हाळ्याचा हिशेब

दिल्लीच्या तापमानाचा संबंध येथे येतो. सीआयपीच्या चाचण्यांत काडतुसे सुमारे २१ अंश सेल्सिअसवर ठेवून दाब मोजला जातो. मे महिन्यात दिल्ली किंवा विदर्भात हवेचेच तापमान त्याच्या दुप्पट होते. बंद मोटारीतील किंवा तापलेल्या चेंबरमधील काडतूस त्याहून गरम असते. दारू जितकी गरम, तितका बहुतेक प्रकारांत दाब अधिक. उष्णतेला कमी दाद देणारे प्रकार आता मिळतात, परंतु सर्वच दारू तशी नसते. कमाल मर्यादेवर भरलेले काडतूस हिवाळ्यात निर्धोक वाटते आणि तेच भर उन्हात मर्यादा ओलांडू शकते.

हा धडा भारतासाठी नवा नाही. १८८९ मध्ये पेटंट झालेली कॉर्डाइट ही दारू उष्णतेला फार संवेदनशील होती. ब्रिटिश काळात थंड हवेच्या देशात ठरवलेली भरणी भारतातील आणि आफ्रिकेतील उन्हात अधिक दाब निर्माण करी आणि उडालेल्या पुंगळ्या चेंबरमध्ये घट्ट अडकत. समोर चाल करून येणारे श्वापद असताना दुसरा बार भरता न येणे म्हणजे मृत्यूच. त्यामुळे बंदूककारांनी अनेक मोठ्या रायफलींसाठी उष्ण प्रदेशांकरिता कमी कॉर्डाइटची वेगळी भरणी ठरवली. इंग्लंडमधला आकडा जसाच्या तसा भारतात चालत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच मान्य झाले होते.

विश्वासार्ह तक्ता कसा ओळखावा?

विश्वासार्ह तक्त्यात दारूच्या उत्पादकाचे आणि प्रकाराचे पूर्ण नाव, गोळीचा बनाव, वजन आणि आकार, पुंगळी आणि प्रायमर यांचा तपशील, काडतुसाची एकूण लांबी, चाचणीच्या नळीची लांबी आणि प्रारंभिक व कमाल असे दोन्ही आकडे असतात. दाब दिला असेल, तर त्याचे एककही असते. नुसते ‘एवढी दारू, एवढा वेग’ सांगणारी नोंद, ती कितीही अनुभवी व्यक्तीची असो, तक्ता ठरत नाही. तिच्या रायफलीत ती चालली, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी कसोटी पडताळणीची. दारू किंवा गोळी तयार करणाऱ्या कंपनीच्या चालू आवृत्तीशी आकडा जुळला पाहिजे आणि दुसऱ्या स्वतंत्र तक्त्याशीही ताडून पाहिला पाहिजे. दोन तक्त्यांत तफावत असल्यास कमी आकडा धरावा. एकाचीच नक्कल दुसऱ्याने केली असेल, तर ते दोन पुरावे नव्हेत.

तिसरी कसोटी सुरुवातीची. कमाल आकड्यापासून कधीही सुरुवात करू नये. प्रारंभिक आकडा दिलेला नसेल आणि उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल, तर कमालपेक्षा १० टक्के कमी भरणीपासून आरंभ करून लहान टप्प्यांनी वर जाण्याचा प्रघात आहे. एकही घटक बदलला, की पुन्हा खालून सुरुवात. मात्र ‘कमी तेवढे सुरक्षित’ हेही खरे नाही. मंद जळणारी दारू मोठ्या पुंगळीत फारच कमी भरल्यास दाब अनपेक्षितपणे उसळून रायफल फुटू शकते. म्हणून तक्त्यातील किमान आकड्याखाली जाण्यासही उत्पादक मनाई करतात.

बोल्ट जड उघडणे, प्रायमर चपटा होणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे ही अतिदाबाची लक्षणे मानली जातात. ती दिसताच थांबणे आवश्यक आहे. पण ती दिसली नाहीत म्हणून दाब मर्यादेत आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेकदा ही लक्षणे मर्यादा ओलांडल्यावरच उमटतात. वेगमापक यंत्राचा येथे उपयोग होतो : तक्त्यापेक्षा बराच अधिक वेग मिळत असेल, तर तो दाब वाढल्यामुळेच, असे समजावे.

सावधगिरीला पर्याय नाही

महाराष्ट्राला या उद्योगाची दीर्घ परंपरा आहे. खडकीची दारूगोळा निर्माणी १८६९ पासूनची. वरणगाव आणि भंडारा येथेही आयुध निर्माणी आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान आठ कामगारांचा मृत्यू झाला. प्रशिक्षित कामगार आणि लिखित कार्यपद्धती असलेल्या ठिकाणीही हे द्रव्य किती निर्दय ठरते, याची ती आठवण आहे.

भारतातील परवानाधारकासाठी नियम सोपा आहे. काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडून, कारखान्याच्या मूळ बंद खोक्यातच घ्यावीत; सुटी किंवा पुन्हा भरलेली नाकारावीत. ट्रिगर ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण ठिणगी उशिरा लागू शकते. आवाज क्षीण आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. रायफल रिकामी करून नळी तपासल्याशिवाय दुसरा बार काढू नये. जेथे हातभरणी कायदेशीर आहे तेथील नेमबाजाने आपल्या प्रत्येक काडतुसाची नोंदवही ठेवावी आणि जिचा उगम ठाऊक नाही अशी भरणी उडवू नये.

मुंगेशपूरचा आकडा दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिला, म्हणून चूक उघड झाली. भरणीच्या तक्त्याची अशी पडताळणी पुंगळीत दारू पडण्यापूर्वीच व्हायला हवी. बोल्ट बंद झाल्यावर ती करण्यासाठी वेळ उरत नाही.