चटणीच्या हिशेबातली आपली मजुरी

दुपारची भांडी आटपून धान्य निवडत बसला असाल, तर हात चालू द्या. आज हिशेब सांगायचा आहे, पण वही काढायची गरज नाही.

गेल्या वर्षी मी पुन्हा कॉलेजात गेले. बी.ए. होऊन बारा वर्षं झाली होती. तालुक्याच्या कॉलेजातल्या कम्युनिटी कॉलेजात व्यवसाय व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका असते, तिला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवार. सासूबाई म्हणाल्या, "आता पोरं शिकायची का तू?" पण ते दोन्ही दिवस पोरं त्यांनीच सांभाळली, हेही सांगायला पाहिजे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आसपासच्या लोकांच्या कामधंद्याला उपयोगी पडेल असं थोड्या मुदतीचं शिक्षण देणारं कॉलेज. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. तिथलं जोलिएटचं कॉलेज 1901 साली सुरू झालं, ते अजून चालू आहे. आपल्या देशात पाँडिचेरी विद्यापीठानं 1995 साली असं कॉलेज काढलं, आणि 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून इतर कॉलेजांतही ती सुरू झाली. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र, वर्षाची पदविका, असे टप्पे असतात. आमच्या वर्गाला बारावी पास एवढी अट होती, वयाची नव्हती. माझ्या बाकावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा वीस वर्षांचा मुलगा बसायचा.

त्याच मुलानं मला पहिला धडा दिला.

मॅडमनी सांगितलं होतं, आपापल्या धंद्याचा एका खेपेचा हिशेब लिहून आणा. मी आमच्या गटाच्या शेंगदाणा चटणीचा नेला. मोठ्या तोऱ्यात नेला, कारण ग्रामसभेत हाच हिशेब वाचून मी टाळ्या घेतल्या होत्या. 20 किलो शेंगदाणे 130 च्या भावानं, म्हणजे 2600 रुपये. लाल तिखट 450. लसूण, जिरं, मीठ 250. एकूण 3300. चटणी झाली 21 किलो, म्हणजे पाव किलोची 84 पाकिटं. 60 रुपयांनी विकली, 5040 आले. नफा 1740.

त्या मुलानं कागद पाहिला आणि विचारलं, "ताई, तुमचा पगार कुठंय?"

मी म्हटलं, आमचा कसला पगार, गटाचं काम आहे. तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांनी ते पान फळ्यावर उतरवायला लावलं. आधी राहिलेले खर्च निघाले. पाकीट आणि लेबल मिळून 4 रुपये, 84 पाकिटांचे 336. गॅस 214. बाजाराला येणं-जाणं 150. झाले 700. म्हणजे हातात 1740 नाही, 1040 राहिले. मग मॅडमनी विचारलं, किती बायका, किती दिवस? चार बायका, दोन दिवस. भाजणं, सोलणं, पाखडणं, उखळात कुटणं, भरणं. आठ हजेऱ्या. 1040 भागिले आठ, 130 रुपये. आमच्याकडं तेव्हा खुरपणीला 250 रुपये हजेरी होती. हजेरी धरली तर खर्च होतो 6000 आणि विक्री 5040. दर खेपेला 960 रुपयांचा तोटा, आणि तो चौघींच्या अंगावर.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक तुम्हाला माहीत असेल. 1997 साली ती सुरू झाली. आधी परवाना नाकारला गेला होता, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग चेतना सिन्हा त्याच बायकांना घेऊन रिझर्व्ह बँकेत परत गेल्या, आणि बायकांनी साहेबांना सांगितलं की मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी ते यंत्राशिवाय काढून दाखवावं. हे ऐकलं की छाती फुगते. तर मग चटणीच्या हिशेबात आपण का चुकलो? बेरीज येत नव्हती म्हणून नव्हे. आपलं काम खर्चात लिहायचं असतं, हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर गटाची वही लिहिते.

गटाला हे सांगणं जड गेलं. एक काकू म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करणार होतो?" खुरपणी सोडून आलेल्या दोघी मात्र गप्पच बसल्या. त्यांनी तो हिशेब मनात कधीच केला असणार.

मग दोन बैठका भांडण झालं. भाव एकदम 80 करावा, असं मी म्हटलं, पण दुकानदारानं हात झटकले. शेवटी कुटण्याचं काम गिरणीवर दिलं, जाडसर काढून घेतो. गिरणीचे 200 वाढले, पण हजेऱ्या आठच्या पाच झाल्या. खर्च 5450. भाव 75 केला, विक्री 6300. आता हजेरी हातात पडून 850 रुपये गटाला उरतात. पाकिटं पूर्वीपेक्षा सावकाश खपतात, आणि उखळाची चव गेली हे काकूंचं म्हणणं खोटं नाही. एक जण चटणी सोडून खुरपणीला परत गेली. तिचंही चुकलं नाही.

वर्षभरात बाकी पुष्कळ शिकवलं. जाहिरातीचा धडा मोठा होता, मला फार उपयोगी वाटला नाही. पुस्तकातली उदाहरणं मोठ्या कारखान्यांची. उधारीचा धडा मात्र लक्षात ठेवा. दुकानदार महिन्यानं पैसे देणार असेल, तर वहीत नफा दिसतो आणि डब्यात पुढच्या शेंगदाण्याला पैसे नसतात. तेवढी रक्कम बाजूला लागते, तिला खेळतं भांडवल म्हणतात. आणि त्या डब्यातून पोराची फी दिली तर द्या, पण उचल म्हणून लिहा.

बारावी झाली नसेल तर? माणदेशीनं 2006 साली ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं, ते अशाच बायकांसाठी. शिवाय बँकांतर्फे चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तिथं काही दिवसांचं प्रशिक्षण राहण्या-जेवणासकट फुकट असतं. आपल्या जिल्ह्यातली कुठं आहे ते गटाच्या बँकेत विचारा. पदविका करायची असेल तर बारावीचं गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. लग्नाआधीच्या नावामुळं अडतं, माझे त्यात दोन आठवडे गेले.

ज्यांना आपल्या मालाचा हिशेब लावून बघायचा आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला शेवटच्या खेपेच्या खर्चाची चिठ्ठी आणा. भाव आपण तिथं बसून काढू. किती जणी आणि किती दिवस, तेवढं मात्र घरूनच लिहून आणा.