बादलीत मावेल एवढा बाप्पा

अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली, दही-पोह्यांची शिदोरी दिली आणि गॅलरीतल्या बादलीत आमचा वीतभर शाडूचा गणपती सोडला. आधी हात गेले, मग सोंड. सकाळी तळाशी राखाडी गाळ उरला होता, तो कुंडीत ओतला.

शेजारच्यांची मूर्ती पीओपीची. तीही बादलीतच, पण चार दिवसांनी जशीच्या तशी; नुसता रंग सुटलेला. नवल नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दोन किलोच्या मूर्तीला आठशे-हजार लिटर पाणी हवं. बादलीचं काय चालणार!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर उपाय शोधला आणि महापालिकेने तो घरोघरी पोचवला: अमोनियम बायकार्बोनेट. (खायचा सोडा नव्हे, ही गल्लत हमखास होते. हे बेकरीवाले बिस्किटांत घालतात ते.) मूर्तीच्या वजनाएवढी पूड पाण्यात मिसळायची, मूर्ती बुडवायची, दर दोन-तीन तासांनी ढवळत राहायचं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी हे केलं. बुडबुडे उठले, नाकाला झोंबणारा वास सुटला आणि दोन दिवसांत मूर्तीचा पांढरा साका झाला. साका म्हणजे खडूचीच भुकटी, कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. ऑइलपेंटचे पापुद्रे मात्र कशानेच विरत नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. पेणच्या मूर्ती-कारखानदारांवर खापर फोडणं सोपं आहे. पण शाडू भर पावसाळ्यात लवकर वाळत नाही, वजनाला जड, वाटेत तडकते. शिवाय ती येते गुजरातहून, ट्रक भरभरून. आणि हजारो मूर्ती एकाच तळ्यात सोडल्या, तर माती असली तरी तळं गाळाने भरणारच.

मला वाटतं, मातीइतकाच प्रश्न उंचीचा आहे. गणपतीला पार्थिव म्हणतात, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा; पण त्याला मापही असायचं. कोकणात अजूनही घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देतात आणि त्यावर बसेल एवढी मूर्ती घडते. शहरात पाट गेला, तेव्हा मापही गेलं.

यंदा मूर्ती ठरवायला जाल, तेव्हा घरची बादली आठवा. तिच्यात बुडेल एवढीच घ्या.