आपोआप मिटणारं दार

यंदा आपल्या कॉलेजातले काही जण शिकायला ब्रिटनला निघालेत. मंडळाच्या ग्रुपवर त्यांचे प्रश्न येतात ते व्हिसाचे, फीचे आणि थंडीच्या कपड्यांचे. मी ज्या गोष्टीने पहिले दोन महिने हैराण झालो, ती मात्र कुणीच विचारत नाही : तिथल्या हॉस्टेलात माणसं आपली कशी होतात? म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे हॉस्टेल म्हणजे एका खोलीत तिघे, आंघोळीला रांग आणि मेसमध्ये एकच टेबल. मैत्री करावी लागत नाही, होऊन जाते. तिथे हॉस्टेलला 'हॉल' म्हणतात. उत्तर इंग्लंडातल्या माझ्या हॉलमध्ये सहा जणांचा एक फ्लॅट होता. प्रत्येकाला वेगळी खोली, खोलीतच बाथरूम. सामाईक काय, तर फक्त स्वयंपाकघर. आग पसरू नये म्हणून खोलीचं दार असं बसवलेलं की हात सोडला की आपोआप मिटणार. ते उघडं अडकवून ठेवायलाही मनाई. शिवाय न कळवता दुसऱ्याचं दार वाजवणं तिथे आगाऊपणाचं वाटतं. त्यामुळे कुणीही वाईट वागत नसताना माणूस आठ-आठ दिवस एकटा पडू शकतो.

मी त्यात भरच घातली. फोडणीच्या वासाची लाज वाटायची, म्हणून रात्री दहानंतर सगळे पांगले की भात लावायचो आणि ताट खोलीत न्यायचो. नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधार. आईला फोनवर सांगायचो, "सगळं मस्त आहे गं." कुणी जाताजाता "यू ऑलराइट?" म्हणायचं. पहिल्यांदा मी थांबून खरंच तब्येत सांगितली! तो नुसता नमस्कार असतो. आपणही "ऑलराइट?" म्हणायचं नि पुढे जायचं.

आणखी एक गंमत. आयुष्यात पहिल्यांदा मी 'एशियन' झालो. ब्रिटनमध्ये बोलताना एशियन म्हटलं की सहसा भारत-पाकिस्तान-बांगलादेशाकडचा माणूस समजतात. अमेरिकेत तोच शब्द ऐकून बहुतेकांना चीन-जपान-कोरिया आठवतं. फ्लॅटमधली एक मुलगी ब्रॅडफर्डची, आजोबा पाकिस्तानातून आलेले. मला वाटलं, ही तरी आपली. पण ती तिथेच जन्मलेली, तिचं जग वेगळं. नुसत्या रंगाने ओळख होत नाही, हे तेव्हा कळलं.

बदल झाला तो पोह्यांमुळे. बेळगावचा कुंदा न्यायचं मनात होतं, पण भारतातून दुधाचे पदार्थ सोबत न्यायला तिथे बंदी आहे. मग एका रविवारी सकाळी अकराला, सगळे जागे असताना, मुद्दाम कांदेपोहे केले. स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकी उघडली (धूर बाहेर पॅसेजमध्ये गेला तर अलार्म वाजतो!) आणि कढई टेबलावर ठेवली. तिघांनी खाल्ले, एकाने नको म्हटलं. पुढच्या रविवारी चिनी मुलाने डंपलिंग केले. ब्रॅडफर्डची मुलगी म्हणाली, "आजीच्या घरी असाच वास येतो." वास मी लपवत होतो, तिला तो आवडत होता.

सुरुवातीचे बरेच कार्यक्रम दारूभोवती असतात. "मी पीत नाही" एवढं पुरतं. ज्यूस घेऊन तासभर बसा, निघा. काही ठिकाणी अर्ज करतानाच दारूविरहित फ्लॅट मागता येतो. स्टुडंट्स युनियनच्या सोसायट्या असतात, त्यातली एक धरा. एकदा जाऊन ओळख होत नाही. त्याच वारी, त्याच वेळी चार-पाचदा जा.

1888 मध्ये लंडनला गेलेल्या गांधीजींनीही हे भोगलं. आत्मकथेत ते सांगतात, इंग्रज सभ्य गृहस्थ बनण्यासाठी त्यांनी नाचाची शिकवणी लावली, व्हायोलिन विकत घेतलं आणि थोड्याच महिन्यांत ते सगळं सोडलं. त्यांना माणसं मिळाली ती शाकाहारामुळे. ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले, बेझवॉटर भागात त्यांनी स्वतः शाकाहारी क्लब काढला.

आता खरं तेही सांगतो. पोहे करून सगळं सुटत नाही. रंगावरून, उच्चारावरून कुणी टोचून बोललं तर 'मीच कमी पडलो' असं मानू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि युनियनच्या सल्ला केंद्रात जाऊन सांगा. आणि आपल्या मराठी-भारतीय मित्रांत बसलात म्हणजे हरलात असंही नाही. फक्त तेवढंच जग ठेवू नका.

शेवटी एक कबुली. आपल्या हॉस्टेलात माझ्या मजल्यावर नागालँडचा एक मुलगा होता. आम्ही सगळे मोठमोठ्याने मराठीत गप्पा मारायचो, तो हसून खोलीत जायचा. तीन वर्षांत मी एकदाही त्याच्याकडे गेलो नाही. त्याचं दार काही आपोआप मिटणारं नव्हतं. आणि आपल्याकडे तर दार वाजवलं म्हणून कुणी रागावतही नाही.