गवत कापण्याचे यंत्र आणि टाकीत उरलेले पेट्रोल

चतुर्थीच्या तोंडावर अंगणे आणि पाणंदी साफ करताना गवत कापणाऱ्या यंत्रांची जी घरघर सुरू होते, ती काजूबागांची सफाई आटोपेपर्यंत थांबत नाही. बोंडे पडू लागण्यापूर्वी झाडाखालचे रान काढले नाही, तर बिया वेचणे कठीण होते आणि कोयता घेऊन हे काम करणारी माणसे आता सहजी मिळत नाहीत. सत्तरी, सांगे, केपे, पेडणे या भागांतील लहान बागायतदाराचेही त्यामुळे या यंत्रावाचून अडते. ऐन हंगामात ते सुरू झाले नाही, की इंजिन झिजले असावे, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा मात्र दोष असतो तो मागील हंगामात टाकीत तसेच राहिलेल्या पेट्रोलचा.

आधी इंजिन ओळखा

बाजारात टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक अशी दोन प्रकारची यंत्रे मिळतात. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेलासाठी वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण पुरवते. निर्मात्याने ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते. २५:१ असल्यास ४० मिलिलिटर. हे मोजमाप अंदाजाने करू नये. तेल कमी पडले तर पिस्टन तापून जाम होतो. जास्त झाले तर धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. मिश्रण टाकीत न करता वेगळ्या कॅनमध्ये करावे, नीट हलवावे आणि महिनाभरात संपेल एवढेच करावे.

फोर-स्ट्रोक इंजिनात साधे पेट्रोल घालतात, तेल वेगळे असते. या लहान इंजिनांत ते जेमतेम १०० मिलिलिटरच्या आसपास मावते, त्यामुळे थोडीशी घटही महागात पडते. रोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागी ठेवून तेलाची पातळी पाहावी. नव्या यंत्राचे तेल पहिल्या दहा तासांनंतर आणि पुढे साधारण दर पन्नास तासांनी बदलावे.

इथेनॉल आणि आपली दमट हवा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. लहान इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांत मात्र दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल, असे नमूद असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि किनाऱ्यालगतच्या आपल्या हवेत ओलाव्याची कमतरता नाही. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोक यंत्रात खरा धोका इथेच आहे. मिसळलेले तेल पेट्रोलबरोबर वर राहते आणि इंधन ओढणारी जड गाळणी तळाशी असते. इंजिन सुरू झालेच, तर त्याला वंगणाविना इंधन मिळते. शिवाय जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पातळ पडदे इथेनॉलमुळे फुगतात वा कडक होतात, आणि सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो.

म्हणून पेट्रोल लागेल तेवढेच आणावे. जुने, आंबूस वास येणारे वा तळाशी वेगळा थर दिसणारे पेट्रोल यंत्रात घालू नये.

हवा, ठिणगी आणि धूर

कोणतीही सफाई इंजिन थंड झाल्यावर आणि प्लगची टोपी काढूनच करावी. हवेची गाळणी दर आठ-दहा तासांच्या कामानंतर, धुळीच्या जागी रोज पाहावी. स्पंजची गाळणी साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. कागदी गाळणी धुऊ नये, हलकेच झटकावी आणि खराब झाल्यास बदलावी. गाळणीविना चालवलेल्या इंजिनात धूळ शिरून सिलिंडरला चरे पडतात, आणि ती दुरुस्ती अनेकदा यंत्राच्या किमतीला परवडत नाही. इंजिन हवेनेच थंड होते. त्यामुळे सिलिंडरभोवतीच्या पात्यांत अडकलेले गवत ब्रशने काढणे तितकेच गरजेचे आहे.

प्लग इंजिनाची प्रकृती सांगतो. टोक तपकिरी असेल तर सारे ठीक. काळे आणि ओले असेल तर तेल जास्त किंवा गाळणी तुंबलेली. पांढुरके असेल तर इंजिन तापते आहे, त्याला इंधन कमी मिळते आहे. फट बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. टाकीतील गाळणी वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून दर हंगामात बदलावी.

सायलेन्सरकडे विशेष लक्ष हवे. अनेक यंत्रांत ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. काजळीने तुंबली, की यंत्राचा जोर कमी होतो. म्हणून ती काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, जाळी साफ करून परत बसवावी. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि राज्याच्या अन्य भागांत लागलेले वणवे विझवायला हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. सुके गवत पेटायला किती थोडे निमित्त पुरते, हे वेगळे सांगायला नको. तापलेले यंत्र सुक्या गवतावर ठेवू नये, चालू वा गरम इंजिनात पेट्रोल भरू नये आणि भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन दोरी ओढावी.

मांगरात ठेवण्यापूर्वी

काम संपले, की टाकी रिकामी करावी. इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. त्यामुळे कार्ब्युरेटरमधील उरलेले पेट्रोलही जळून जाते. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून छिद्रात छोटा चमचाभर स्वच्छ इंजिन तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. यंत्र कोरड्या जागी, चुलीपासून दूर ठेवावे.

या कामाला अर्धा तासही लागत नाही. पावसाने उघडीप दिल्यावर दुरुस्तीच्या दुकानांत यंत्रांची रांग लागते आणि इकडे गवत कंबरेएवढे होते. तेव्हा वाया जाणाऱ्या दिवसांपुढे हा अर्धा तास काहीच नाही.