टोमॅटोचा ‘तिरंगा’ आणि साथीच्या रोगांचं वाचन

मे २०२०. टाळेबंदीमुळे बाजार आधीच थंडावलेले, त्यात टोमॅटोवर नवं संकट आलं. फळ एकसारखं लाल होईना. पिवळे, हिरवे, लाल पट्टे उमटू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. अहमदनगर जिल्ह्यात अकोले-संगमनेरकडे आणि पुणे जिल्ह्यातही त्याची चर्चा होती. तेवढ्यात टीव्हीवर बातमी झळकली: टोमॅटोचा हा विषाणू कोरोनापेक्षाही घातक!

वारूळवाडी, नारायणगाव ही टोमॅटोची गावं. वारूळवाडीला लागूनच असलेल्या नारायणगावच्या उपबाजारात हंगामात क्रेटची रीघ लागते. अशा ठिकाणी ही बातमी म्हणजे उभ्या पिकावर वरवंटाच. पुढे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत मुख्यतः काकडी मोझॅक विषाणू आढळला. तो पसरवतो मावा. कीड पानात सोंड खुपसून रस शोषते, सोंडेला विषाणू चिकटतो आणि पुढच्या झाडावर बसताच तिथे उतरतो. माणसाच्या पेशीचं कुलूप उघडणारी किल्लीच त्याच्याकडे नसते. त्यामुळे नुकसान होतं ते शेतकऱ्याच्या पिकाचं. टोमॅटो खाणाऱ्याला त्यापासून धोका नाही.

कोणत्याही साथीबद्दल पहिला प्रश्न हाच असतो: हा रोग वाहून कोण नेतं? साथीच्या रोगांवरची चांगली पुस्तकं वाचकाला हा प्रश्न विचारायची सवय लावतात.

हा प्रश्न अनुत्तरित राहिला की काय होतं, ते प्लेगच्या साथीत पुण्याने पाहिलं. १८९७ मध्ये ब्रिटिश प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने सोजीर घराघरांत शिरत होते, सामान बाहेर फेकत होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी मांडलं १८९८ मध्ये. वाहक ठाऊक नव्हता, म्हणून सगळा राग घरांवर आणि माणसांवर निघाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

हा काळ समजून घ्यायला चिन्मय तुंबे यांचं ‘एज ऑफ पँडेमिक्स’ (२०२०) हाताशी घ्यावं. १८१७ ते १९२० या शंभर वर्षांतला कॉलरा, प्लेग आणि इन्फ्लुएन्झा त्यात येतो आणि भारत या साथींच्या केंद्रस्थानी कसा होता, ते उलगडतं. मराठीत सुरुवात करायची तर अच्युत गोडबोले आणि डॉ. वैदेही लिमये यांचं ‘सूक्ष्मजंतू’ आहे. जंतूंचा शोध घेणाऱ्या माणसांच्या गोष्टींतून विज्ञान पुढे सरकत असल्याने शाळकरी मुलांनाही ते जड जाऊ नये.

प्राण्यांतून माणसात येणाऱ्या रोगांसाठी डेव्हिड क्वामेन यांचं ‘स्पिलओव्हर’ (२०१२). इंग्रजी आहे, जाडही आहे, पण लेखक स्वतः गुहांत आणि जंगलांत शास्त्रज्ञांबरोबर फिरतो. ते वाचल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं काम वेगळंच दिसू लागतं. महाबळेश्वरच्या गुहेत २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत या संस्थेला निपाहविरोधी प्रतिपिंडं आढळली. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्णही तिथल्याच तपासणीतून समोर आला. झिकाचा वाहक मात्र घराशेजारच्या साठलेल्या पाण्यात वाढणारा एडिस डास, डेंग्यूचाच.

वाचायला वेळ नसेल, तर ‘धिस पॉडकास्ट विल किल यू’ ऐकावं. एरिन नावाच्याच दोन अमेरिकी संशोधिका ते चालवतात. बहुतेक भागांत एक रोग: आधी तो शरीरात काय करतो, मग त्याचा इतिहास, शेवटी आजची स्थिती. इंग्रजी कानावर बसेपर्यंत वेग थोडा कमी करून ऐकता येतं.

पुस्तक घेताना प्रकाशनाचं वर्षही पाहावं. २०१९ पूर्वीच्या पुस्तकात कोविडच्या लसी नसणार. देवीचं निर्मूलन, कॉलऱ्याचं पाणी आणि प्लेगची पिसू यांच्या कथा मात्र त्यातही तितक्याच उपयोगी पडतात.